शिगेचा शेर

महाडला आमच्या आळीत सामान घ्यायच्या दोन जागा होत्या. एक मावशीचं दुकान आणि दुसरं आमचं सहकारी भांडार. दोन्हींत पन्नास पावलांचंही अंतर नव्हतं. आता या गोष्टीला पंधरा वर्षं होऊन गेली आणि दोन्ही जागा उरलेल्या नाहीत. भांडार ज्या कारणांनी बंद पडलं ती साधी होती आणि सगळ्यांना ठाऊक आहेत. मावशीचं दुकान बंद पडलं ते माझ्यामुळे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मावशी म्हणजे आळीतल्या सगळ्यांची मावशी, नात्याने कोणाचीच नव्हे. ती पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. नवरा बंदरावर हमाली करायला म्हणून महाडला आला, चार पैसे जमल्यावर त्याने हे दुकान घातलं आणि काही वर्षांनी तो वारला. मुलगा मुंबईला गिरणीत होता. तो दर दिवाळीला कोणाकडून तरी निरोप पाठवायचा की दुकान बंद कर आणि इकडे ये. मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "त्याच्या खोलीत सात माणसं हायत. मी गेले की आठ. तिथं मला हातपाय हलवायला जागा नाय आनि काम बी नाय. हे दुकान हाय तवर मी कुठं जात नाय." हे ती दर वर्षी त्याच शब्दांत, ओट्यावर बसून, ऐकेल त्याला सांगायची.

तिच्या दुकानाचं कौतुक करायला मी बसलेले नाही. आत अंधार असायचा. सुक्या बोंबलांची टोपली आणि रॉकेलचा डबा एकाच कोपऱ्यात, आणि गुळाची ढेप त्यांच्याशेजारी, त्यामुळे पावसाळ्यात गुळाला कसला वास येईल ते सांगता येत नसे. तूरडाळीत खडे निघत. दुपारी ती दार ओढून घेऊन झोपायची आणि मग कोणी कितीही हाका मारल्या तरी उठायची नाही. एखादी वस्तू नसली तर "नाय" असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. "उद्या येल" म्हणायची, आणि तो उद्या आठवडाभर चाले.

पण माप तिचं पाहण्यासारखं होतं. शेर भरताना ती बोलणं थांबवायची. पहिल्या शेराला एक न म्हणता "लाभ" म्हणायची, तशी आपल्याकडे रीतच आहे. खाली सूप ठेवून शेर काठोकाठ भरायचा, मग दोन्ही तळव्यांनी वर दाणे चढवत न्यायचे, इतके की वर टोक यायचं. त्या टोकाला आम्ही शीग म्हणतो. एक दाणा घरंगळला की ती थांबायची, आणि मग तो भरलेला शेर एका झटक्यात गिऱ्हाइकाच्या पिशवीत उलटायची. खाली सुपात फारसं काही सांडलेलं नसायचं. मला हे घरी कधी जमलं नाही.

भांडार काढण्यात आमच्या घरचा पुढाकार होता. लढाई संपली होती, पण भाव उतरायला तयार नव्हते. साखर मिळाली तर ओली मिळायची, रव्यात काय मिसळलेलं असेल याचा नेम नव्हता. माझे यजमान शाळेत मास्तर होते. ते, त्यांचे दोन सोबती मास्तर, कचेरीतले एक कारकून आणि एक पेन्शनर गृहस्थ असे पाच जण एकत्र आले. पेन्शनर अध्यक्ष झाले, आमच्याकडे चिटणिशी आली. दसऱ्याला एक खोली भाड्याने घेऊन तिला चुना लावला. माल मुंबईहून बोटीने दासगावला उतरे आणि तिथून गाडीने येई. डबे एकसारखे, एका रांगेत, प्रत्येकावर चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या आणि त्या सरळ चिकटल्या आहेत की नाहीत हे पाहायला मी दोनदा जाऊन आले होते.

भांडार चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. साखर कोरडी, डाळ निवडलेली, सगळ्यांना एकच भाव, घासाघीस नाही. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात उघडं. माल फक्त सभासदांना. मोजून द्यायला एक म्हातारा गडी ठेवला होता. त्याला कमिटीने नवी लोखंडी मापं दिली होती आणि एक लाकडी पट्टी. माप भरलं की त्यावरून पट्टी फिरवायची, म्हणजे सगळ्यांना अगदी सारखं. उणिवा होत्या त्या माणसांच्या होत्या. पाची जण मालक, त्यामुळे पाची जण त्या गड्याला पाच तऱ्हेच्या सूचना द्यायचे. विड्या विकायला ठेवाव्यात की नाही यावर एक अख्खी सभा झाली, आणि ती संपल्यावर अध्यक्ष सोडून बाकी सगळे बाहेर जाऊन विडी ओढत उभे राहिले.

मार्गशीर्ष आला तरी आळीतली अर्धीअधिक घरं मावशीकडेच जात होती. तेव्हा एका संध्याकाळी यजमान म्हणाले, "अगं, तुझ्या वहीत सगळे भाव असतात ना?"

"असतात. भांडाराचे आहेत आणि आधीचे मावशीकडचेही आहेत."

"मग एक तुलना करून दे. लोकांना नुसतं सांगून पटत नाही. कागदावर दिसलं की पटतं."

मी ती यादी एका दुपारी केली. चौदा जिनसा, दोन रकाने. एकाला नाव दिलं भांडार, दुसऱ्याला बाजार. आमच्याकडे धान्याचे भाव रुपयाला इतके शेर असे बोलतात, तसेच मी लिहिले. तूरडाळ, भांडार साडेपाच शेर, बाजार पाच शेर. चौदापैकी अकरा जिनसांत भांडार सरस होतं. मी ती यादी वळणदार अक्षरात दोनदा लिहिली, दुसरी प्रत चांगली वाटली ती दिली. अध्यक्षांनी ती वाचून "हा लेखी पुरावा झाला" म्हटलं आणि भांडाराच्या दारावर लावली. आठ दिवसांत आणखी सहा घरं सभासद झाली. मला त्याचा आनंद झाला होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

नवव्या किंवा दहाव्या दिवशी दुपारी मावशी माझ्या मागच्या दारी आली. ती झोपेची वेळ सोडून आली होती, म्हणजे काम महत्त्वाचं होतं.

"मास्तरीणबाय, त्या दारावर माझ्याबद्दल काय लिवलंय गो?"

"तुमचं नाव कुठेच नाही मावशी. बाजारभाव आहेत."

"आळीत बाजार म्हंजे कोण? मी नाय तर दुसरा कोन बसलाय?"

"नुसते भाव आहेत हो."

"मग वाच की. मला वाचता येत नाय म्हणून विचारते."

माझ्याजवळ पहिली प्रत होती. मी ती आणून वाचली. तिने चौकटीला टेकून सगळं ऐकलं. चौदाच्या चौदा जिनसा झाल्यावर म्हणाली, "भाव खरे हायत. खोटं काय नाय. आनि शीग कुठं लिवलीस?"

"शीग कशी लिहिणार?"

"मी पाच देते ते शिगेचे. तुमचा म्हातारा पट्टी घासून देतो. त्याचा शेर आनि माझा शेर एक कसा?"

"मावशी, शीग ही तुमची खुशी झाली. भाव तो भाव. खुशी यादीत कशी धरायची?"

ती हसली. "खुशी? खुशी असती तर कुनाला दिली असती आनि कुनाला नसती दिली. तुला कधी कमी घातली का? तुझ्या सासूशी माझं भांडान झालं तवा बी घातली. शीग मापातलीच हाय, बाय." एवढं बोलून ती गेली. भांडायला आली नव्हती, विचारायला आली होती.

मला ते पटलं नव्हतं. पण माझी एक सवय होती, अजून आहे. कोणताही डबा भरला की त्या दिवसाची तिथी मी वहीत लिहिते, आणि तो संपला की त्याही दिवसाची. माणसं तीच, शिजवण्याचं माप तेच, त्यामुळे डबा किती दिवस पुरतो ते मला नेमकं कळतं. पौषात मी वही चाळली. मावशीकडची रुपयाची तूरडाळ आम्हाला चोवीस दिवस पुरत असे. भांडाराची बावीस दिवसांत संपली होती. आधी वाटलं पाहुणे आले असतील. पाहुण्यांची नोंदही वहीत होती आणि त्या महिन्यात कोणी आलं नव्हतं.

तेव्हा मी मावशीकडून रुपयाची तूरडाळ आणली, पाच शेर, शिगेचे. भांडारातलं रिकामं शेराचं माप एका दिवसासाठी मागून घेतलं आणि चादर पसरून तीच डाळ पट्टी फिरवून मोजली. बरोबर सहा शेर भरली. मी पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. सहा. म्हणजे मावशी रुपयाला सहा देत होती आणि आमचं भांडार साडेपाच. माझ्या यादीत तूरडाळीपुरतं खरं ते उलटं लिहिलेलं होतं. मग मी मापाने विकल्या जाणाऱ्या बाकीच्या जिनसांचाही हिशेब घातला. अकरा जिनसांत सरस असलेलं भांडार चार जिनसांत सरस उरलं.

यावर करायचं काम एकच होतं. यादी उतरवायची, चूक सांगायची आणि नवी लावायची. मी ते केलं नाही. यजमान चिटणीस, अध्यक्षांनी त्या यादीला पुरावा म्हटलेलं, तिच्यावर विसंबून लोकांनी भागाचे पैसे भरलेले. चिटणिसाच्या बायकोची यादी चुकली म्हणून आळी हसली असती. मी यजमानांना विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या वतीने मीच ठरवून टाकलं की त्यांना ते खपणार नाही. आणि मग मला तिसरा मार्ग सुचला, ज्यात कोणाचंच वाईट होत नव्हतं. असं मला वाटलं.

माघात मी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या महिन्यात तिची आणखी तीन घरं गेली होती.

"मावशी, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मी मोजून पाहिलं."

"मग? मोजून कळलं ना?"

"कळलं. आता माझं ऐका. शीग बंद करा. शेर पट्टीने द्या आणि भाव लावा रुपयाला सहा. तुमच्या पदरचं काही जात नाही, माल तेवढाच जातो. आणि मला यादीत सहा लिहिता येतात. मग भांडार साडेपाच आणि तुम्ही सहा. लोक आपणहून परत येतील."

"बिनशिगेचं माप? माझ्या हातानं?"

"माल तेवढाच जातो हो."

"ते कसं?"

मी तिच्या समोर तिचीच डाळ मोजून दाखवली. आधी तिने पाच शिगेचे शेर सुपात घातले, मग मी ते पट्टी फिरवत मोजले. ती माझ्या हाताकडे पाहत मोजत होती. "लाभ, दोन, तीन, चार, पाच..." सहावा शेर काठोकाठ भरला तेव्हा तिने सूप उलटं करून पाहिलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "मला वाचता येत नाय पन मोजता येतं. सहाच हायत."

"मग?"

तिने डाळ सुपातून पुन्हा कोठीत ओतली. "पोराचा निरोप आलाय पुन्हा. औंदा येतोच म्हणतो न्यायला. दुकान चाललं नाय तर त्याला काय सांगू?" मग म्हणाली, "तू शिकलेली हायस. सांगतेस तर करते."

पट्टी तिच्याकडे नव्हती. घरी फुटक्या पाटीची चौकट पडली होती, तिची एक बाजू काढून मी तिला नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी मी नवी यादी केली. तूरडाळ, बाजार सहा शेर. मीठ, चणे, मूग, सगळ्यांचे रुपयाचे शेर तसेच वाढवले. यजमानांनी ती वाचली आणि चष्मा काढला. "अगं, हे तर आपल्यापेक्षा स्वस्त झालं."

"मावशीने भाव उतरवला."

"बरं. खरं आहे ना? मग लावायला हवी. आपण तुलना लावली तर दोन्ही बाजूंनी लावली पाहिजे." आणि त्यांनी ती जाऊन लावली. कमिटीत कोणी कुरकुर केली तर तिलाही त्यांनी हेच उत्तर दिलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. शिगेचं सगळं मी आधीच सांगितलं असतं तर या माणसाने ते असंच ऐकून घेतलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

शीग बंद झाल्यानंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी मी मुद्दाम मावशीच्या दुकानी गेले. पोलादपूरकडच्या वाड्यांतल्या बायका बाजाराला आल्या की आधी तिच्या ओट्यावर टोपल्या टेकत, पाणी पीत आणि मग मीठ-मासळी घेत. त्या दिवशी चार-पाच जणी होत्या. एकीने मीठ मागितलं. मावशीने शेर भरला आणि त्यावरून पट्टी फिरवली. बाई बघत राहिली.

"हे काय गो?"

"शेर."

"वरचं कुठं गेलं?"

"भाव कमी केलाय. रुपयाला जास्त देते आता."

"मला रुपयाचं मीठ घेऊन काय करायचंय? लोणचं घालू? मला एक शेर पायजे. पुरा दे."

"पुराच हाय."

"ह्यो पुरा? ह्याचं पोट बघ की, खपाटीला गेलंय. चार दिस उपाशी ठेवलास काय शेराला?"

बाकीच्या हसल्या. दुसरी म्हणाली, "म्हमईचं वारं लागलं असंल. पोरगा शिकवून गेला."

"आनि आमची नाचणी घेशील ती? ती शिगेची घेशील ना?"

यावर मावशीने माझ्याकडे पाहिलं. त्या बायका बऱ्याचदा पैशाने सामान घेतच नसत. नाचणीचा एक शेर द्यायचा, मिठाचे ठरलेले शेर घ्यायचे, दोन्हींकडून शीग. माझ्या यादीत सगळं रुपयावर होतं. या देवाणघेवाणीचा मी विचारच केला नव्हता. आळीतली घरंसुद्धा रुपयाची डाळ क्वचित घेत, एक शेर, अर्धा शेर अशीच घेत, आणि घेताना पाहत ते मापाकडे.

मी मधे पडून समजावू लागले की पाच शिगेचे आणि सहा पट्टीचे सारखेच होतात. ती पहिली बाई शांतपणे म्हणाली, "असंल बाय. तुमचा हिशेब तुमच्यापाशी. आमाला डोळ्यांनी दिसतंय ते दिसतंय." आणि टोपली उचलून ती खालच्या बाजारात गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. शेर मावशीच्या हातात तसाच होता.

संध्याकाळपर्यंत मावशीने पट्टी ओट्याखाली टाकली होती आणि शीग पुन्हा सुरू केली होती. तिने ठीकच केलं, पण मग भाव पुन्हा पाचावर आणायला हवा होता, आणि तो आणता येईना, कारण भांडाराच्या दारावर माझ्या अक्षरात सहा लिहिलेले होते. आळीतल्या ज्या बायकांनी दोन महिने तिच्या पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं त्या आता नेमक्या आल्या.

"मावशी, रुपयाची डाळ द्या. दारावर सहा आहेत."

"सहा पट्टीचे."

"तसं कुठे लिहिलंय? आणि तुम्ही तर शीग घालताय. मघाशी त्यांना घातलीत, आम्ही काय केलंय?"

मावशीला खोटं बोलता येत नसे आणि मापात भेद करणं तर त्याहून येत नसे. तिने सहा दिले, शिगेचे, म्हणजे रुपयामागे एक अख्खा शेर पदरचा. दुसऱ्या दिवशीही दिले. लोक सभासद असूनही तिच्याकडे येऊ लागले, रोज येऊ लागले. यजमान एकदा कौतुकाने म्हणालेही, "बघ, मावशीचं बरं चाललंय." मला चौथ्या दिवशी कळलं काय चाललं आहे ते, आणि मी त्याच वेळी जाऊन यादी फाडली. पण यादी फाडली म्हणून लोकांच्या डोक्यातले सहा जात नव्हते. कोणी म्हणालं, भांडाराला स्पर्धा नको म्हणून चिटणिसाच्या बायकोने ती काढली. मावशीने पाच म्हणून पाहिलं तेव्हा एका शेजारणीने तिला सरळ लबाड म्हटलं. तिच्या ओट्यावर तिला कोणी लबाड म्हटल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर ती सहाच देत राहिली.

चैत्र संपताना पावसाळ्याचा माल भरून ठेवायचा असतो. चार महिने बोटी बंद, म्हणून आधी कोठ्या भरायच्या. त्या वर्षी मावशीच्या कोठ्या रिकाम्या होत्या आणि भरायला हातात काही उरलं नव्हतं. मी यजमानांना शेवटी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी भांडारातून तिला माल द्यावा असं कमिटीत सुचवून पाहिलं. नियम सभासदांचा होता आणि दुकानदाराला सभासद करून घेता येत नव्हतं. तो नियम लिहायला यजमानच बसले होते.

वैशाखात मुलगा आला. चांगला माणूस होता, आईला ओरडला नाही. रिकामी दुकानं कशी दिसतात ते त्याला मुंबईत पाहून माहीत असावं. दोन दिवसांत त्याने मापं, तागडी, कोठ्या खालच्या बाजारात विकून टाकल्या.

निघायच्या दिवशी सकाळी मी गेले. मावशी एका गाठोड्याला दोरी आवळत होती.

"मावशी, चूक माझी झाली."

"कसली?"

"मी सांगितलं म्हणून तुम्ही शीग तोडलीत."

"मोजणं तर बरोबर होतं. मी बी मोजलं होतं." तिने गाठ दातांनी ओढली. "लोकांना दिसलं नाय, त्याला तू काय करनार? तू काय लोकांचे डोळे हायस?"

ती रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. मग ती गाठोड्यावर बसली आणि रिकाम्या दुकानाकडे न बघता म्हणाली, "तिथं मी दिवसभर काय करू गो?"

मी पिशवीतून कागद काढला आणि बोटीवर बरोबर काय काय घ्यावं ते लिहायला लागले. पाण्याचा तांब्या, दशम्या, लिंबं, ओवा. चार जिनसा झाल्यावर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे," म्हणाली. "सूनबाईनं सगळं केलं असंल." मुलगा गाडी घेऊन आला आणि ती दासगावला गेली.

आमचं भांडार त्यानंतर दोन वर्षं चाललं. आळीत दुसरं दुकान उरलं नसल्याने तुलनेची यादी कोणाला हवी नव्हती आणि भाव हळूहळू चढले. मग यजमानांची बदली झाली, कारकुनांची झाली, एक मास्तर नोकरी सोडून गेले. भांडार आमच्यासारख्या बदलीच्या माणसांनी काढलेलं होतं. आम्ही निघालो तसं तेही निघालं. आळी सामानाला खालच्या बाजारात जाऊ लागली.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. मावशी गेली त्याच वर्षी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या अलीकडे, शिवथरकडून एक म्हातारी आली. पाठीवर नाचणीचं ओझं होतं. मावशीच्या बंद दाराशी ती बराच वेळ उभी होती. मग तिने ओझं पायरीवर उतरवलं आणि समोर मी दिसले म्हणून मला विचारलं, "बाय, हितलं दुकान उघडत नाय काय आज?"

"दुकान बंद झालं, आजी."

"आनि ती कुठं गेली?"

"मुंबईला. मुलगा येऊन घेऊन गेला."

म्हातारीचा चेहरा उजळला. "न्यायला आला होता? बरं झालं गो. सुखात पडली बिचारी. आता हात हलवायला नको."

"हो," मी म्हटलं.

तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली, ओझं पुन्हा पाठीवर घेतलं आणि खालच्या बाजाराचा रस्ता विचारला. तो मी तिला नीट समजावून सांगितला.